दार उघडंच होतं

सतरा वर्षांचा बिली वीव्हर नोकरीच्या कामासाठी बाथ शहरात येतो. रात्र झालेली, थंडी मी म्हणतेय, आणि मुक्कामाची सोय अजून व्हायची आहे. एका घराच्या खिडकीत राहण्याची सोय असल्याची पाटी दिसते. आत शेकोटी पेटलेली, शेकोटीपुढे अंगाचं मुटकुळं करून झोपलेला कुत्रा, कोपऱ्यात पिंजरा आणि पिंजऱ्यात पोपट. घंटेवरचं बोट काढायच्या आत दार उघडतं. मालकीणबाई इतक्या मायाळू की विचारू नका. भाडं त्याने मनात धरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी. सहीसाठी पुढे केलेल्या वहीत त्याच्याआधीची दोनच नावं, आणि दोन्ही कुठेतरी, बहुधा पेपरात, वाचल्यासारखी वाटतात. बाई चहा ओततात. चहाला कडू बदामांची पुसटशी चव. मग त्याच्या लक्षात येतं की पोपट जिवंत नाही. कुत्राही नाही. आपले लाडके प्राणी गेले की बाई स्वतःच त्यांच्यात पेंढा भरतात, असं त्या कौतुकाने सांगतात.

वाचणारा इथे मनातल्या मनात ओरडत असतो, अरे ऊठ, निघ! पण बिली उठत नाही. दाराला कुलूप नाही, बाईंच्या हातात सुरा नाही, तो तरणाताठा आणि त्या पन्नाशीच्या आसपासच्या. तरी तो बसून राहतो. का? इतक्या प्रेमाने चहा देणाऱ्या बाईंसमोरून अर्धा कप टाकून उठणं बरं दिसत नाही म्हणून.

रोआल्ड डालची ही कथा १९५९ सालची. वीस वर्षांनी, १९७९ मध्ये, ब्रिटनच्या आयटीव्हीवर 'टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड' या मालिकेत तिचा अर्ध्या तासाचा भाग झाला. या पुस्तकाचा विषय म्हणजे ही आणि अशा जातीच्या मालिका: दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवी जागा; कधी अंगावर काटा, कधी हसू, आणि चांगल्या भागांत दोन्ही एकाच वेळी. 'भीड भिकेची बहीण' असं आपल्याकडे म्हणतात. या गोष्टींमध्ये ती थेट मरणाच्या दारात नेऊन सोडते. गेली काही वर्षं हे सगळं पुन्हा पुन्हा पाहताना माझं मत पक्कं होत गेलं की ब्रिटिश टीव्हीवरची भीती खरी भुताखेतांची नाहीच. ती चारचौघांत शोभा होण्याची भीती आहे. भूत येतं ते त्या भीतीचा फायदा घ्यायला. पुढच्या प्रकरणांत वेगवेगळ्या मालिकांविषयी पुष्कळ माहिती आहे, पण सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

ही परंपरा टीव्हीने शोधलेली नाही. इंग्लंडात भुताच्या गोष्टींचा मोसम नाताळ. चार वाजता अंधारून येतं, सगळं गोत एका घरात कोंडलेलं असतं, आणि जेवणं झाल्यावर करायला काही नसतं. चार्ल्स डिकन्स आपल्या साप्ताहिकांचे खास नाताळ अंक काढायचा आणि त्यांत भुतं हमखास असायची. आपल्याकडे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरून सुचून, असं सांगितलं जातं. तेव्हा दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी भयकथा वाचत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हा नाताळचा रिवाज परका वाटायचं कारण नाही.

डिकन्सच्या १८६६ च्या नाताळ अंकात 'द सिग्नलमन' आली. त्याच्या आदल्या वर्षी, ९ जून १८६५ रोजी, केंट परगण्यातल्या स्टेपलहर्स्टजवळ डिकन्स ज्या गाडीत होता ती रुळांवरून घसरून पुलाखाली कोसळली. त्याचा डबा लोंबकळत राहिला. तो खाली उतरला, जखमींना पाणी पाजलं, आणि मग पुन्हा त्या लोंबकळत्या डब्यात चढून कादंबरीचं हस्तलिखित घेऊन आला. (लेखक कुठल्या मातीचे असतात याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.) त्यानंतर रेल्वेचा प्रवास त्याला कायमचा जड गेला. तो वारला तोही ९ जूनलाच, पाच वर्षांनी. बोगद्याच्या तोंडाशी एकट्याने ड्यूटी करणारा, पुढच्या अपघाताची चाहूल लागलेली पण ती वरिष्ठांना कळवायची कुठल्या तोंडाने या विवंचनेत अडकलेला त्याचा सिग्नलवाला वाचताना हे आठवतं. तार करावी तर कारण काय लिहावं? भूत दिसलं म्हणून? नोकरी जाईल. इथेसुद्धा भुतापेक्षा साहेबाचं भय मोठं आहे.

डिकन्सनंतरचे दुसरे आद्यपुरुष म्हणजे माँटेग्यू ऱ्होड्स जेम्स. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रोव्होस्ट, जुन्या हस्तलिखितांचे मोठे जाणकार. नाताळच्या सुमारास मित्रमंडळी त्यांच्या खोलीत जमायची. जेम्स आतून हस्तलिखित घेऊन यायचे, एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवायचे आणि वाचायला लागायचे. त्यांच्या कथांचा पहिला संग्रह १९०४ चा. त्यांचे नायक बहुतेक अविवाहित, विद्वान, किंचित आढ्यताखोर प्राध्यापक. एखाद्या जुन्या चर्चमध्ये नको त्या ठिकाणी हात घालतात आणि मग त्यांच्या मागे काहीतरी लागतं. ते काय, हे जेम्स कधी धड दाखवत नाहीत. केसाळ, ओलसर, चिंध्यांचं, बस्स.

१९६८ साली जोनाथन मिलरने बीबीसीसाठी जेम्सची एक कथा चित्रित केली, आणि १९७१ पासून लॉरेन्स गॉर्डन क्लार्क या दिग्दर्शकाने दर नाताळला एक असा नेमच धरला. 'अ घोस्ट स्टोरी फॉर ख्रिसमस' या नावाने ओळखली जाणारी ही मालिका १९७८ पर्यंत चालली. क्लार्क माहितीपटांतून आलेला. पैसा बेताचा, वेळ त्याहून बेताचा, म्हणून तो सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन थेट नॉरफोकच्या किनाऱ्यावर गेला. १९७२ च्या 'अ वॉर्निंग टु द क्यूरियस'मध्ये सपाट वाळू, पाइनची झाडं आणि बऱ्याच अंतरावर उभा असलेला काळ्या कपड्यांतला एक माणूस, एवढंच भांडवल आहे. त्या माणसाचं तोंड स्पष्ट दिसत नाही. क्लार्कने मूळ कथेत एक छोटासा बदल केला. पुरलेला प्राचीन मुकुट उकरून काढणारा पॅक्स्टन त्याच्याकडे हौशी सद्गृहस्थ नाही. नोकरी गेलेला लंडनचा कारकून आहे. झिजलेले बूट, नीट ठेवलेला टाय, हॉटेलात आपल्याला कोणी हलकं तर समजत नाही ना याची सतत धास्ती. पीटर व्हॉनने ती भूमिका अशी केली आहे की भुताच्या आधी त्या कारकुनाचीच दया यावी. सुमारे पन्नास मिनिटांचा हा चित्रपट मला त्या मालिकेतला सर्वांत चांगला वाटतो. 'द सिग्नलमन' (१९७६) लोकप्रिय जास्त आहे, डेनहम इलियटचा चेहराही विसरता येत नाही, पण माझं मत बदललेलं नाही.

बाहेर पडून चित्रीकरण करणारा क्लार्क मात्र अपवाद. साठ-सत्तरच्या दशकांतलं बहुतेक ब्रिटिश टीव्ही नाटक स्टुडिओत व्हायचं. तीन-चार अवजड कॅमेरे, तीन भिंतींचे सेट, आधी कित्येक दिवस तालीम आणि मग एकदोन संध्याकाळींत सगळं चित्रीकरण. टेप कापून जोडणं कटकटीचं, म्हणून प्रवेश लांबलचक. माणसं एका खोलीत यायची, बसायची, बोलायची. ही मर्यादा भयकथेच्या पथ्यावर पडली. जंगल, वादळ, राक्षस परवडत नाहीत म्हटल्यावर लेखकाला दिवाणखान्यातच भय शोधावं लागलं. आणि ब्रिटिश दिवाणखान्यात न बोललेल्या गोष्टींचा साठा भरपूर.

नायजेल नील या लेखकाने १९७६ साली एटीव्हीसाठी 'बीस्ट्स' नावाची सहा भागांची मालिका लिहिली. तिच्यातला 'ड्युरिंग बार्टीज पार्टी' हा भाग ज्यांना स्वस्तात भीती कशी निर्माण करायची हे शिकायचं आहे त्यांनी पाहावाच. गावाबाहेरचं ऐसपैस घर, मध्यमवयीन नवराबायको, संध्याकाळ. जमिनीच्या फळ्यांखालून कुरतडल्याचा आवाज येतो. उंदीर असेल. मग आवाज वाढतो. रेडिओवर बार्टी नावाचा एक चुरचुरीत निवेदक श्रोत्यांचे फोन घेतोय. बायको घाबरली आहे. नवरा तिची समजूत घालतोय, आणि हळूहळू लक्षात येतं की त्याला स्वतःला काही करायचंच नाही. पोलिसांना फोन करावा तर लोक हसतील. शेजाऱ्यांना हाक मारावी तर बरं दिसणार नाही. पन्नास मिनिटांत एकही उंदीर पडद्यावर दिसत नाही. फळ्या, दोन चेहरे, आवाज. फळ्यांखाली उंदरांचं सैन्य जमलंय आणि वर नवरा बायकोला आवाज चढवू नकोस म्हणतोय.

त्याच सुमाराचं दुसरं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. १९७२ साली बीबीसी टूवर 'डेड ऑफ नाइट' मालिकेत डॉन टेलरचं 'द एक्झॉर्सिझम' दाखवलं गेलं. एका सुखवस्तू जोडप्याने खेड्यातली जुनी मोडकी झोपडी विकत घेऊन झकास सजवली आहे. नाताळच्या जेवणाला दुसरं जोडपं आलंय. सगळे डाव्या विचारांचे, समाजवादाच्या गप्पा मारणारे, हातात उंची वाइन. दिवे जातात. फोन बंद पडतो. वाइनला रक्ताची चव येते, टर्कीचा घास तोंड पोळतो. आणि इथे, माझ्या वरच्या म्हणण्याला छेद देत, दार खरोखरच उघडत नाही. खिडकीची काच फुटत नाही. मग यजमानीणबाईंच्या तोंडून तीच झोपडी बोलू लागते: शेकडो वर्षांपूर्वी तिथे पोराबाळांसकट उपाशी मेलेली एक बाई, आणि त्याच वेळी वाड्यावर झडणाऱ्या जमीनदाराच्या पंगती. टेलरला सूक्ष्मतेचं वावडं होतं असा आक्षेप घेतात. असेल. पण ज्यांनी दुसऱ्याच्या भुकेवर फक्त चर्चा केली त्यांच्यासमोर भरलं ताट ठेवून त्यांना उपाशी ठेवणं यात हिशेब चोख आहे. या माणसांना जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून दार बंद. बाकी गोष्टींत बंद करायची गरजच पडत नाही.

'डेड ऑफ नाइट'चे सात भाग झाले; आज तीनच शिल्लक आहेत. १९६८ च्या 'लेट नाइट हॉरर'ची कथा आणखी करुण. बीबीसी टूवर नुकताच रंग आला होता आणि सहा भागांची ही मालिका रंगीत होती. उरलाय एकच भाग, तोही कृष्णधवल प्रतीत. कारण साधं होतं. व्हिडिओ टेप महाग, पुसून पुन्हा वापरता यायची. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम वारंवार दाखवता यायचे नाहीत. मग जपून ठेवायचं कशाला? त्यामुळे या इतिहासाच्या अभ्यासकाला बरंचसं काम संहिता, छायाचित्रं आणि त्या काळच्या वर्तमानपत्री परीक्षणांवर भागवावं लागतं. या पुस्तकातही जिथे भाग उपलब्ध नाही तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

डालकडे परत यायला हवं, कारण सामान्य ब्रिटिश प्रेक्षकाच्या मनात या प्रकाराचं नाव म्हणजे 'टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड'. नॉरिचच्या अँग्लिया टेलिव्हिजनने १९७९ ते १९८८ अशी नऊ वर्षं ती चालवली. शीर्षकदृश्यात ज्वाळांवर नाचणारी स्त्रीची छायाकृती, मागे रॉन ग्रेनरची जत्रेतल्या पाळण्याची आठवण करून देणारी धून. ('डॉक्टर हू'ची धूनही याच ग्रेनरची.) सुरुवातीच्या भागांत डाल स्वतः शेकोटीपाशी खुर्चीत बसून गोष्टीची ओळख करून द्यायचा, आणि त्याच्या बोलण्यात आजोबांचा जिव्हाळा कमी, पुढचं सगळं ठाऊक असलेल्या माणसाची मजा जास्त. गोठवलेल्या मेंढराच्या तंगडीने नवऱ्याचा जीव घेऊन तीच तंगडी भाजून तपासाला आलेल्या पोलिसांना वाढणारी गृहिणी इथलीच. (हिचकॉकने ती आपल्या अमेरिकन मालिकेत १९५८ मध्येच दाखवली होती.) पोलिस आधी नको नको म्हणतात, मग ताई एवढा आग्रह करतायत तर, म्हणून पानावर बसतात. पुरावा भिडेपोटी फस्त होतो!

पण डालच्या कथा संपत आल्यावर मालिका इतर लेखकांकडे वळली, आणि शेवटाला कलाटणी द्यायचीच या अटीने तिचा बळी घेतला. कलाटणी येणार हे ठाऊक असलं की प्रेक्षक गोष्ट पाहत नाही, राखण करत बसतो. नंतरच्या वर्षांतले बरेचसे भाग आज बघवत नाहीत. अपवाद मात्र आहेत, आणि त्यांतला एक विलक्षण: १९८० चा 'द फ्लायपेपर', एलिझाबेथ टेलरच्या कथेवरून. (ही टेलर कादंबरीकार; नटीशी संबंध नाही.) बसमधली शाळकरी मुलगी, तिच्याशी लगट करू पाहणारा अनोळखी माणूस, आणि तिच्या मदतीला धावून येणारी एक सभ्य बाई. भूत नाही, रक्त नाही. पालकांनी एकदा तरी पाहावा आणि शक्यतो दुपारच्या वेळी पाहावा.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत हा प्रकार मागे पडला. वाहिन्यांना ठरलेली पात्रं, ठरलेला सेट आणि वर्षानुवर्षं टिकणारा प्रेक्षक हवा होता; दर आठवड्याला नव्याने सगळं उभारणं महाग आणि बेभरवशाचं. मधे हॅमर स्टुडिओची १९८० मधली तेरा भागांची मालिका, डॉन फ्रेंचची विनोदी 'मर्डर मोस्ट हॉरिड' अशी बेटं होती. आणि ३१ ऑक्टोबर १९९२ ची एक रात्र होती. त्या रात्री बीबीसी वनने 'घोस्टवॉच' दाखवलं. मायकेल पार्किन्सनसारखा घराघरांत ओळखीचा मुलाखतकार, मुलांच्या कार्यक्रमांतली लाडकी सेरा ग्रीन, एका साध्या घरात झपाटल्याच्या प्रकाराचं 'थेट' प्रक्षेपण, आणि पडद्यावर प्रेक्षकांसाठी फोन नंबर. सगळं आधीच चित्रित झालेलं नाटक होतं, लेखक स्टीफन व्होक. पण असंख्य लोकांनी ते खरं मानलं, तक्रारींचा पाऊस पडला, आणि बीबीसीने ते त्यानंतर पुन्हा कधीही प्रक्षेपित केलेलं नाही. पार्किन्सनवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर, हा प्रेक्षकांचा राग मला पूर्ण पटतो.

आता ज्यांच्यासाठी मी हे पुस्तक लिहायला घेतलं त्या दोघांकडे. स्टीव्ह पेंबर्टन आणि रीस शिअरस्मिथ. मार्क गॅटिस आणि जेरेमी डायसन यांच्यासह ते 'द लीग ऑफ जंटलमन' या चौकडीत होते. रॉयस्टन व्हेझी या काल्पनिक गावातली, परक्याला उंबऱ्यात उभं न करणारी विचित्र माणसं त्यांनी १९९९ पासून बीबीसीवर आणली. (गॅटिसने पुढे जेम्सच्या नाताळकथांचं व्रत स्वतःच्या खांद्यावर घेतलं, ते वेगळ्या प्रकरणात आहे.) नंतर या दोघांनी 'सायकोव्हिल' केली. तिच्यातला एक भाग हिचकॉकच्या 'रोप'ला सलाम म्हणून एकाच खोलीत, जवळजवळ न तोडता चित्रित केला होता. त्या खोलीतून 'इनसाइड नंबर नाइन' जन्मली. ५ फेब्रुवारी २०१४ ते १२ जून २०२४, नऊ पर्वं, पंचावन्न भाग. अर्ध्या तासाची एक गोष्ट, एक बंदिस्त जागा, आणि कुठेतरी नऊचा आकडा: घर नंबर, खोली नंबर, एका भागात तर बुटाचं माप. प्रत्येक भागात सेटवर कुठेतरी सशाची एक छोटी मूर्ती लपवलेली असते. भक्त मंडळी ती शोधतात. मी दोनदा शोधली आणि दोन्ही वेळा गोष्ट हातची गेली, म्हणून सोडून दिलं.

पहिला भाग 'सार्डिन्स'. मोठ्या वाड्यात साखरपुड्याची पार्टी, आणि उलटा लपंडाव: एकाने लपायचं, ज्याला तो सापडेल त्याने त्याच्याशेजारीच लपायचं. लपण्याची जागा म्हणजे एक कपाट. एकेक करून बहीण, भाऊ, भावाचा जोडीदार, ऑफिसातला सहकारी, अंगाला वास मारणारा जुना मित्र असे सगळे त्या कपाटात अंग चोरून उभे राहतात. हसू येतं ते कोंबल्या गेलेल्या माणसांच्या औपचारिकपणाचं: छातीला छाती लागलीय आणि हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. मग एका वाक्यातून, अर्धवट तोडलेल्या दुसऱ्या वाक्यातून, या घरच्या वडीलधाऱ्याने कधीकाळी लहान मुलांशी काय केलं होतं ते बाहेर येऊ लागतं. त्या कपाटातल्या बहुतेकांना ते ठाऊक आहे. कोणी कधी बोललेलं नाही, कारण पार्टीत असले विषय काढत नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो ते पाहायचं तर हे कपाट पाहावं. शेवट मी सांगणार नाही.

२०१७ च्या 'द बिल'मध्ये चार मित्र हॉटेलात जेवून बसलेत. बिल आलंय. मी देतो, छे छे मी, मागच्या वेळी तू दिलं होतंस, म्हणजे माझी ऐपत नाही असं म्हणायचंय का तुला? मुंबई-पुण्याच्या कुठल्याही हॉटेलात शनिवारी रात्री हे दृश्य फुकट पाहायला मिळतं. मात्र आपल्याकडे ते वेटरच्या कंटाळ्यावर संपतं, इथे सुरी निघते. मोठेपणा मिरवायला दिलेली वस्तू म्हणजे उपकार, उपकार म्हणजे अपमान, आणि अपमानाचं उत्तर द्यावंच लागतं. पंचवीस मिनिटांत एवढं समाजशास्त्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

प्रयोगांची त्यांना हौस दांडगी. 'अ क्वाएट नाइट इन' जवळजवळ संपूर्ण शब्दाविना: दोन चोर, राहतं घर, आणि मूकपटाच्या शिस्तीने रचलेले अपघात. 'झांझिबार' पूर्ण पद्यात, शेक्सपिअरच्या वृत्तात. 'द ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन'मध्ये शेरिडन स्मिथने एका साध्या मुलीची बारा वर्षं अर्ध्या तासात जगून दाखवली आहेत. त्याबद्दल आधी कोणाकडून एक शब्दही ऐकू नये, माझ्याकडूनही. २०१६ च्या नाताळातला 'द डेव्हिल ऑफ ख्रिसमस' हा सत्तरच्या दशकातला हरवलेला भयपट असल्याच्या थाटात आहे. त्यासाठी त्यांनी त्या काळचे जुने कॅमेरे मिळवले आणि त्या काळात काम केलेल्या ग्रॅम हार्पर या दिग्दर्शकाला बोलावलं. भडक प्रकाश, डुगडुगणारा सेट, संवाद विसरणारी नटी, आणि वरून एका म्हाताऱ्या दिग्दर्शकाचं आठवणीवजा निवेदन, आवाज डेरेक जेकबीचा. आपण त्या गलथानपणाला हसत राहतो. निवेदक मात्र थांबत नाही, आणि त्याच्या त्याच गप्पिष्ट, सुसंस्कृत सुरात जे पुढे येतं ते ऐकल्यावर जुन्या टीव्हीबद्दलचा आपला सगळा लोभ ओशाळवाणा होतो.

'घोस्टवॉच'चं ऋणही त्यांनी फेडलं. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी 'डेड लाइन' हा भाग थेट प्रक्षेपित व्हायचा होता. सुरू झाल्यावर काही मिनिटांत आवाज गेला. निवेदकाने माफी मागितली, दुरुस्तीचा प्रयत्न झाला, पुन्हा आवाज गेला, शेवटी जुना भाग लावला गेला. थेट कार्यक्रमात असं व्हायचंच, असं म्हणत काही प्रेक्षक उठून गेले. जे बसून राहिले त्यांना थोड्या वेळात कळलं की बिघाड हाच भाग आहे, आणि मँचेस्टरच्या ग्रॅनाडा स्टुडिओच्या मेकअपरूममध्ये बसलेल्या पेंबर्टन-शिअरस्मिथना पाहणारं तिसरंच कोणीतरी आहे. शिअरस्मिथने तर प्रक्षेपण चालू असताना ट्विटरवर आपण आत्ता टीव्हीवर दिसतोय का, असं खरोखर विचारलं. गेल्या पन्नास वर्षांत या जातीच्या गोष्टींमध्ये पहिल्यांदाच असं झालं असावं: जे शिष्टाचार सोडून मध्येच उठले तेच वाचले.

'ब्लॅक मिरर'ला या पुस्तकात एकच प्रकरण आहे याबद्दल काही वाचक नाराज होतील. चार्ली ब्रूकरची ही मालिका २०११ मध्ये चॅनल फोरवर सुरू झाली, पुढे नेटफ्लिक्सवर गेली, आणि तिच्याविषयी जगभर इतकं लिहिलं गेलंय की माझ्या भरीची गरज नाही. शिवाय पैसा आल्यावर तिने खोली सोडली. खोली सुटली की माझा रस कमी होतो, हा माझा दोष समजावा.

मराठी वाचकाला या प्रांतात शिरायला वेगळी तयारी लागत नाही. रत्नाकर मतकरींनी मध्यमवर्गीय घराच्या चार भिंतींत, ओळखीच्या आवाजात बोलणाऱ्या माणसांमध्येच गूढ शोधलं. त्यांच्या कथांवरची 'गहिरे पाणी' ही मालिका पाहिलेल्यांना दर भागाला नवी गोष्ट हा ढाचाही ठाऊक आहे. 'खेकडा' वाचलेल्याला डाल वाचताना नवा धक्का बसेल, पण घर ओळखीचं वाटेल. नारायण धारपांची वाट निराळी, जास्त मोकळ्या मैदानातली. तुलना इथेच थांबवतो. ती करायला स्वतंत्र पुस्तक हवं आणि ते माझ्यापेक्षा जाणकाराने लिहावं.

वाचण्याच्या क्रमाविषयी एक व्यावहारिक सूचना. पहिली चार प्रकरणं इतिहासाची आहेत, ती कशीही वाचा. पाचव्यापासून पुढे प्रत्येक प्रकरणात एकेका भागाची चिरफाड आहे आणि तिथे शेवट लपवलेले नाहीत, लपवून चिरफाड करता येत नाही. तेव्हा आधी भाग पाहावा, मग प्रकरण वाचावं. पाहायला सुरुवात 'सार्डिन्स'पासून करावी. तो आवडला नाही तर 'द बिल', आणि तोही नाही तर पुस्तक ज्या दुकानातून घेतलं तिथे परत करून बघावं. मालक भिडस्त असेल तर घेईल.